बिल हवं तर १८ टक्के वर!

लेखात म्हटलंय, ठेकेदाराला रोख पैसे देताना पावती मागाच. मागतो हो, पण उत्तर ठरलेलं: "साहेब, बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर." जीएसटी नोंदणीच नसलेला माणूसही हे बेधडक सांगतो! त्याला तो लावताच येत नाही. आणि पैसे मिळाल्याची साधी पोच द्यायला कसला आलाय कर?

आमच्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे ४० हजार मी असेच हातावर ठेवले. हिशोब टाइल्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने. पहिल्याच पावसात खालच्यांच्या छताला ओल आली. बोलावलं तर गडी म्हणतो, "तुमचे १० अजून बाकी आहेत." पुठ्ठा केव्हाच रद्दीत गेलेला.

आता वहीच ठेवलीय. तारीख, कशाचे पैसे, आजवर एकूण किती, खाली सही. रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. सुतार आधी फुगला होता, आता स्वतःच "वहिनी, वही आणा" म्हणतो.

बाकी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यातच मनाई आहे, तेवढं लेखात यायला हवं होतं.