तंबू, वाईन आणि रात्रीची लाईट

खान्देशात कॅम्पिंगला जायचं ठरवलंत, उत्तम. पहिली अट अशी की बरोबर येणारे सगळे मूळचे खान्देशातलेच हवेत, फक्त पुण्यात किमान दहा वर्षं मुरलेले. ज्याचं लहानपण उन्हाळ्यात गच्चीवर आणि हिवाळ्यात मळ्यातल्या खाटेवर झोपून गेलं, त्यालाच उघड्यावर झोपण्यासाठी सात हजारांचा तंबू घ्यावासा वाटतो. बाहेरच्या माणसाला असलं काही सुचत नाही, तो आपला जळगावात हॉटेल बघतो.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. नाव भारदस्त ठेवा. आमच्या ग्रुपचं नाव ‘तापीकाठची टस्कनी’ होतं. टस्कनी म्हणजे इटलीतला वाईनचा मुलूख. ती कुणी पाहिली नव्हती आणि तापी सगळ्यांनी रेल्वेच्या पुलावरून पाहिली होती. ग्रुपात चौदा जण घ्या, म्हणजे निघताना चार उरतात. या चारांत एक तरी सुरतेचा असू द्या, त्याला पुण्याची अट माफ. खान्देशातली निम्मी पोरं पोटासाठी सुरतेला गेलेली आहेत, त्यामुळे शोधावा लागणार नाही. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्याच्यासारखा उत्साह दुसऱ्या कुणात सापडत नाही. त्याच्या वाटेवर नवापूर स्टेशन लागतं. तिथला फलाट अर्धा गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं आहे. आमचा सुरती सांगतो की गाडी नवापूरला आली की त्याच्या घशाला आपोआप कळतं.

मुहूर्त मे महिन्यातला काढू नका. अर्थात वाईन काढ्यासारखी गरम घ्यायची असेल तर जरूर काढा. पुस्तकात लिहिलेलं असतं की रेड वाईन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी. रूम कुणाची, ते लिहिलेलं नसतं. ती युरोपातली, 16-18 अंशांची खोली. आमच्या जळगावातल्या खोलीत मे महिन्यात दुपारी पाण्याचा माठसुद्धा घाम पुसत असतो. म्हणून जानेवारीचा शेवट धरा. द्राक्षांची तोडणी सुरू झालेली असते, भरताची वांगी भरात असतात आणि धुळ्याचा पारा कधीकधी एक आकडी होतो, त्यामुळे बर्फाचा खर्च वाचतो.

आता ड्रायव्हर. गटात न पिणारा एक तरी हवाच. तो मी. न पिणाऱ्याचे फायदे असे: गाडी त्याची, डिझेल त्याचं, रात्री तीन वाजता बॅटरी धरायची ती त्याने, आणि हिशोब मात्र चौघांत सारखा.

पुण्याहून थेट खान्देशात जायचं नसतं. आधी नाशिक. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षापासून वाईन करण्याचं धोरण आणलं आणि तेव्हापासून दिंडोरीकडच्या रस्त्यावर उजवी-डावीकडे वायनरींच्या दगडी कमानी उगवायला लागल्या. त्यातल्या एकीत शिरा. तिथे माणशी सहाशे रुपये घेऊन पाच ग्लासांत पाच घोट देतात. आधी रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवायचा, मग नाक आत घालायचं, मग घोट तोंडात खेळवायचा आणि शेवटी समोरच्या भांड्यात थुंकायचा. चौथ्या पायरीपर्यंत आम्ही कच्चे होतो. पाचवीला प्रशिक्षण लागलं नाही, ती तर आपण एसटीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं करत आलोय. पण सहाशे रुपये भरलेला खान्देशी माणूस घोट थुंकत नाही. भांडं कोरडंच राहिलं.

वास ओळखण्यासाठी प्रत्येक गटात एक अभ्यासक लागतो. त्याने आदल्या आठवड्यात दोन व्हिडिओ पाहिलेले असतात. आमच्या अभ्यासकाला शिराझ नावाच्या रेड वाईनमध्ये काळी मिरी, चामडं, ओली माती आणि तंबाखू सापडली. एवढं सगळं आमच्या गावच्या आठवडे बाजारात एका फेरीत सापडतं, पण तिथे ग्लास देत नाहीत. मग माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, काही ताज्या वाईनमध्ये पिकल्या केळ्याचा वास येतो. बरोबर आहे ते. खमीर द्राक्षरस आंबवताना जी रसायनं तयार करतं, त्यात पिकलेल्या केळ्याला वास देणारं रसायनही असतं. आमचा रावेरचा मित्र ग्लासात नाक घालून डोळे मिटून उभा राहिला. त्याच्या आजोबांनी, वडिलांनी आणि चुलत्यांनी आयुष्यभर केळीच लावली. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हा पठ्ठ्या पुण्यात फ्लॅट शोधत होता. तो म्हणाला, “अप्रतिम! केळी जाणवतेय.” घरी कापणीच्या दिवसांत घडांच्या वासाने डोकं दुखतं म्हणून हाच माणूस नाकाला रुमाल बांधायचा.

बाटल्या घेताना एक काळजी घ्या. नाशिकच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. त्या घेऊ नका, हाताने उघडतात. बुचाची घ्या. बूच असलं की वाईन खरी वाटते. आणि बूच काढायचं यंत्र पुण्यातच विसरा, त्याशिवाय पुढची गंमत होत नाही.

घरी काय सांगायचं हाही प्रश्न असतो. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर महाराष्ट्र महिनाभर भांडला. तुम्ही त्या भांडणाचा फायदा घ्या. आईला सांगा, द्राक्षाचा रस आहे. आई म्हणेल, मग मला दे अर्धा पेला. इथून पुढे माझा सल्ला संपतो.

चांदवड, मालेगाव करत धुळ्याकडे येताना डाव्या-उजव्या बाजूला काही बघू नका. लळिंगचा किल्ला महामार्गाच्या अगदी कडेला आहे, फारुकी सुलतानांच्या काळातला. त्याच सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून या मुलखाचं नाव पडलं असं सांगतात. मागच्या सीटवर तिघे-तिघे घोरत असतील तर ही माहिती आरशाला सांगा. मी तेच केलं. मागे दोघेच होते, पण आवाज तिघांचा होता.

अमळनेरला सुरतीला उचललं. स्टेशनातून बाहेर आला तो दोन पिशव्या घेऊन, एकीत फरसाण आणि दुसरी रिकामी. “रिकामी कशाला?” “परतताना भरेल.” गाडीत तीन सॉफ्टवेअरवाले आणि एक कापडवाला. विप्रो ही कंपनी 1945 मध्ये याच अमळनेरात निघाली, वनस्पती तूप काढायला. ज्यांनी तेव्हाचे शेअर जपून ठेवले त्यांच्या गोष्टी गावात अजून सांगतात. आमचा अभ्यासक त्याच गावात गाडीतून तोंड बाहेर काढून म्हणाला, “इथे काही स्कोपच नाही यार.” तो सध्या कुठे नोकरी करतो ते सांगत नाही.

तंबूसाठी जागा निवडताना एकच नियम: जो शेतकरी आहे त्याचं ऐकू नका. आम्ही चोपड्याच्या पुढे माझ्या मामांच्या मळ्यात गेलो. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता, एकीकडे गहू, दुसरीकडे हरभरा, आणि मध्ये एक तुकडा असा की बघत राहावं. सपाट, मऊ, ढेकूळ फुटलेलं, एक खडा नाही. उन्हाळी भुईमुगासाठी तयार केलेलं रान होतं ते. अभ्यासक म्हणाला, “कॅम्पसाइट म्हणजे ही!”

मामा खळ्यातून ओरडले, “तठे नका लावा रे! रातले पानी येई.”

अभ्यासकाने मोबाईल काढून मामांना दाखवला. पावसाची शक्यता, शून्य टक्के. मामांनी मोबाईलकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि गायीला चारा टाकायला निघून गेले.

जेवणाचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे उपरोधाला फारशी जागा नाही. मामींनी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. हिरवी, पांढुरक्या रेघांची, एकेक वांगं अर्ध्या किलोच्या वर. साल काढलं, देठ ठेवले, आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचली. वर तेलात तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. आमच्या अभ्यासकाने विचारलं, भरताबरोबर रेड जाईल की व्हाइट? पहिल्या घासानंतर त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि पुढचा तासभर त्याने फक्त ताक मागितलं. जोडी जमवायची असेल तर ही जमवा, ताक आणि भरीत. साल कोणतंही चालेल.

मग बुचाची बाटली निघाली. सुरीने बूच काढताना त्याचा वरचा भाग चुरला. चमच्याने आत ढकलू म्हणे, तर जाईना. चार पदवीधर एका बाटलीभोवती बसलेले बघून मामा आले. मामा माळकरी. पंढरीची वारी चुकवत नाहीत, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी विचारलं नाही, काय आहे म्हणून. विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडात गेले, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीचा एक लांब स्क्रू काढून आणला, पान्याने बुचात फिरवला, पक्कड लावली, बाटली दोन पायांत धरली. टप्. एक थेंब सांडला नाही. मग शिष्टाचार म्हणून आम्ही ग्लास पुढे केला. मामांनी घेतला नाही, लांबूनच वास घेतला.

“खराब व्हई गयी वाटस,” ते म्हणाले. “बदली मांगी ल्या.”

ती बाटली अठराशेची होती. अभ्यासकाने त्यात चामडं, आलुबुखार आणि लांबवर कुठेतरी देवदाराचं लाकूड ओळखलेलं होतं. त्यानंतर तो बराच वेळ काही ओळखेना.

हे सगळं चाललेलं असताना समोर सातपुड्यात दूरवर दिवे लुकलुकत होते. तिकडच्या पाड्यांत मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचतात आणि लग्नाकार्याला, देवाला त्यांची दारू लागते. गोड वासाची, चुलीच्या धुराची चव असलेली. तिचा विषय निघाला तसा सुरती म्हणाला, “ती गावठी असते रे, आपण नाही घेत.” सुरतेत तो काय घेतो, ते मला माहीत आहे. पण मी न पिणारा, मी कशाला बोलू.

रात्री झोपण्याबद्दल सूचना. हवेची गादी पूर्ण फुगवा. ती का, ते पुढे कळतं.

शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो, त्यामुळे मोटार कुणाला न विचारता सुरू होते. पेरणीआधी रान ओलवायचं असतं. त्या रात्री ओलवायचं रान आमच्याच तंबूखाली होतं, आणि मामांनी ते संध्याकाळी पाच वाजता, स्वच्छ शब्दांत, सांगितलेलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी विहिरीकडून घूंऽऽ असा आवाज आला. मला वाटलं, रावेरकर घोरतोय. दीड वाजता पाठीखालून काहीतरी हळू सरकलं. हवेची गादी तरंगायला लागली होती. काळ्या मातीत संध्याकाळी लोण्यासारख्या घुसलेल्या खुंट्या लोण्यासारख्याच निघाल्या आणि तंबू दोन मिनिटांत मिटला, जो मिटायला पुस्तिकेत वीस मिनिटं सांगितली होती. बाहेरून आवाज, “उठा रे, पानी उनं!” मामा गुडघाभर चिखलात, डोक्याला मफलर, हातात फावडं. दोन फावडी माती टाकून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं, आम्हाला खळ्याकडे वळवलं, आणि परत पाण्यात गेले.

तिघे चाऱ्यात घोंगडी घेऊन झोपले. बॅटरी धरायला एक माणूस लागतो. मी उभा राहिलो. पहाटे पाचपर्यंत मामा एक वाफा भरला की बांध फोडायचे, पुढचा भरायचे, पुन्हा बांध. पायांना बधिरपणा आला की चुलीपाशी येऊन दोन मिनिटं उभे राहायचे. मी म्हटलं, “मामा, रोज असंच?” ते म्हणाले, “रोज कसाले? पाळी रातनी ऱ्हायनी तवढंच.” आणि मला चहा ओतून दिला.

सकाळी फोटो काढायला विसरू नका. तंबू तुरीच्या काड्यांवर वाळत घातला की तो फार छान दिसतो. आमच्या अभ्यासकाने खाली लिहिलं, ‘मातीशी पुन्हा नातं’. नातं खरंच घट्ट होतं, त्याची पँट तीन धुण्यांत साफ झाली नाही. मामींनी निघताना पोतंभर वांगी, हरभऱ्याच्या जुड्या आणि लसूण गाडीत टाकला. सुरतीची रिकामी पिशवी भरली. पैसे विचारले तर मामी रागावल्या, म्हणून आम्ही दुसऱ्यांदा विचारले नाहीत. हिशोबाच्या अ‍ॅपवर ‘मुक्काम आणि जेवण’ या रकान्यात शून्य आलं. ‘वाईन टेस्टिंग’मध्ये चौघांचे सहाशे-सहाशे. त्यात न पिणारा मी होतो आणि त्या वेळी अमळनेरच्या गाडीत बसलेला सुरतीही होता. अ‍ॅप भेदभाव करत नाही.

आठवण म्हणून काहीतरी घरी न्यावं, हा माझा शेवटचा सल्ला. अभ्यासकाने बूच नेलं, स्क्रूसकट. ते आता त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, खाली दिवा लावलाय, आलेल्या-गेलेल्याला तो त्याची गोष्ट सांगतो.

परवा मामांचा फोन आला. खुशाली झाली, पाण्याचं झालं, भुईमूग उगवल्याचं सांगून झालं. मग जरा थांबून म्हणाले, “भाचा, तो स्टार्टरना इस्क्रू कोठे शे रे? झाकनले तार बांधी ठेयेल शे.”