थोरल्याक एक, धाकट्याक तीन

मालवणच्या जेटीकडे जाताना डाव्या हाताला सिमेंटचा बुटका बांध आहे, तो आमचा कट्टा. समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाठीमागे चहाची टपरी. गजालींना (गप्पांना) इथे विषय लागत नाही. पण परवा बाळा रिक्षा लावून आला तो विषय घेऊनच.

"बायल लस अर्धी ठेवन घराक इली," तो म्हणाला.

झालं होतं असं. धाकट्याला नऊ महिने पुरे झाले म्हणून बाळाची बायको त्याला गोवराच्या सुईसाठी उपकेंद्रात घेऊन गेली. डोक्यात हिशेब थोरल्याचा. थोरला २०१८ सालचा. त्याला नवव्या महिन्यात एक सुई टोचली होती आणि अ जीवनसत्त्वाचं औषध पाजलं होतं, बस. इथे सिस्टरनी तीन काढल्या. उजव्या दंडावर गोवर-रुबेला, मांडीत न्यूमोनियाची आणि डाव्या दंडावर पोलिओची. पहिल्या दोन तिने घेऊ दिल्या. पोलिओचं नाव निघताच पोराला काखेत घेतलं आणि सरळ बाहेर. दीड आणि साडेतीन महिन्यांना पोलिओच्या दोन टोचून झाल्यात, तोंडातले डोस वेगळेच. मग ही तिसरी कुठली? थोरल्याच्या कार्डावर तर ती नाहीच.

"थोरल्याक एक, धाकट्याक तीन. पोरा तीच, गाव तोच. मगे संशय येतलोच मा?" बाळा म्हणाला.

मास्तरांनी चष्मा पुसला. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना पल्स पोलिओच्या किती रविवारी ते बूथवर बसले आणि किती करंगळ्यांना शाई लावली, याचा हिशेब ते सगळ्यांना ऐकवतात. "कार्डावर छापलेलं असतं सगळं. पालक वाचत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

"वाचून दाखवलान कोणी?"

"मोबाईलवर मेसेज येतो."

"इलो ना! माझ्याच मोबाईलवर इलो. तारखेचो. तीन सुयांचो खय होतो?"

इथे मेडिकलवाल्या भाईने खुर्ची पुढे ओढली. (तो बांधावर बसत नाही, टपरीतून खुर्ची मागवतो.) त्याचं म्हणणं, बदलामागे कारण आहे आणि चांगलं आहे. तोंडातून पाजायच्या पोलिओ लसीत आधी तिन्ही प्रकारचे विषाणू असत, जिवंत पण दुबळे केलेले. त्यातला दुसऱ्या प्रकारचा मूळ विषाणू जगातून संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मग लसीतला तोच प्रकार क्वचित कुठेतरी उलटून रोग करण्याचा धोका उरला. म्हणून २५ एप्रिल २०१६ ला आपल्याकडे तो लसीतूनच काढला. आता त्या प्रकाराविरुद्धचं संरक्षण फक्त टोचायच्या लसीतून मिळतं. ते पक्कं करायला १ जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरी सुई सुरू झाली. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर ओसरलेली असते, त्यामुळे बाळाचं शरीर लसीला नीट उत्तर देतं. आणि न्यूमोनियाची लस देशभर मिळू लागली तीच मुळात २०२१ मध्ये, मग थोरल्याच्या कार्डावर ती कुठून असणार?

"आणि सुई केवढी, तर ०.१ मिली. पुऱ्या डोसाचा पाचवा हिस्सा, कातडीच्या थरात."

हे बोलून भाईने चूक केली.

"पाचवो हिस्सो? म्हणजे आमच्या पोरांका पाचवो हिस्सो, म्हणून तीन तीन वेळा टोचूची पाळी!"

"तसं नाही रे. कातडीत दिलेले दोन छोटे डोस स्नायूत दिलेल्या एका पुऱ्या डोसापेक्षा चांगलं काम करतात, हे तपासून बघितलेलं आहे."

"मगे पयल्यापासून तसाच कित्याक नाय दिल्यानी?"

भाई गप्प झाला. खरं उत्तर असं की २०१६ च्या सुमारास टोचायच्या पोलिओ लसीचा जगभरच तुटवडा होता, आणि पाचव्या हिश्शात काम भागतं हे माहीत असल्यामुळे आपल्या देशाने तो रस्ता धरला. भाईला हे ठाऊक होतं. मला त्याने नंतर बाजूला घेऊन सांगितलं. चारचौघांत का बोलला नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "तुटवडा म्हटलं की लोकांना स्वस्तातला माल वाटतो."

मला हे पटत नाही. आमच्याकडे बाजारात सुरमई कमी आली तर मासेविकणारी बाई तोंडावर सांगते, आज माल नाय, बांगडो घी. लोक बांगडा घेतात आणि तिच्याकडे परत येतात. ज्या दिवशी ती गप्प बसते, त्या दिवशी लोक माशाचे कल्ले उघडून बघतात.

तात्या एवढा वेळ दोरीचा पीळ सोडवत होता. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, आता बोटीवर जात नाही. तो म्हणाला, "आमच्या वेळाक देवी टोचूक माणूस येय, तेव्हा म्हातारी पोरांका पडवेच्या माळ्यार लपवी. टोचल्यान तर देवी कोपतली. दंडार वण बघ." बाही वर करून त्याने रुपयाएवढा वण दाखवला. "आता ती सुई खय आसा?"

मास्तरांनी लगेच सालं सांगितली, ते त्यांच्याकडे तयारच असतं: देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५, जग मुक्त झालं १९८०. तात्याला सालांशी देणंघेणं नव्हतं. त्याचा मुद्दा एवढाच की सुया वाढतात तशा जातातही, आणि जाते तेव्हा कोणी सांगायला येत नाही. हे खरंच. आधी त्रिगुणी वेगळी आणि काविळीची वेगळी टोचत. पेंटा आल्यापासून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) असे पाच रोग एका सुईत बसले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना प्रत्येकी एक टोचणं वाचलं. त्याचा गाजावाजा कोणी केला नाही.

माझी वहिनी आशा सेविका आहे. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या, हे त्यांना प्रशिक्षणात घोकून घेतलेलं असतं. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढच्या वेळी कधी आणि कुठे यायचं, किरकोळ ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड सांभाळून पुढच्या वेळी आणायचं. चांगल्या आहेत चारही. पण त्या सांगितल्या जातात तेव्हा पोर टाहो फोडत असतं, आई त्याला पदराखाली घेत असते आणि रांगेतली पुढची बाई आत डोकावत असते. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबवतात, काही त्रास होतो का बघायला. तो अर्धा तास मोकळा जातो. आया भिंतीवरचे फलक बघत बसतात. माझं म्हणणं, पाचवी गोष्ट त्या वेळात सांगावी. पुढच्या वेळी काय वेगळं असणार, आधीच्या पोराला ते का नव्हतं, आणि सुया किती. साडेतीन महिन्यांच्या खेपेला बाळाच्या बायकोला "नवव्या महिन्यात तीन असतील हां" एवढं कोणी म्हटलं असतं तर परवा ती उठून आली नसती.

"आणि साडेपाच महिन्यांनी ती ते विसरली असती," मास्तर म्हणाले. हेही खरं. मग सासूला सांगा, कार्डावर पेनाने लिहा, असं सुरू झालं. भाई म्हणे, मुंबईची पोरं गणपतीत गावी येतात त्यांच्याकडे खाजगी डॉक्टरचं कार्ड असतं, त्यात सहा रोगांची एकच सुई, गालगुंडाची भर, आणखी काय काय. दोन जावा शेजारी बसून कार्डं ताडून बघतात आणि तिथेच अर्ध्या शंका जन्मतात. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचीही लस असते, ती नागपूरकडची बहीण सांगणार. एवढं सगळं कोण कोणाला समजावणार?

चहा दुसऱ्यांदा आला. तात्याने अचानक विचारलं, "बायलेक इचारलंस काय रे, ती कित्याक उठली?"

बाळाने विचारलं नव्हतं. त्याने आम्हाला सांगितलं ते सगळं त्याने स्वतःच जुळवलेलं. त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे पोर रडत होतं.

"संशय कसलो?" ती म्हणाली. "सिस्टर बरी आसा. पण उजव्या हातार एक, मांडयेत एक, आणि डाव्या हातार पण टोचल्यानी तर मी एकटी तेका एसटीतना धरू खयसून? तू रिक्षा घेवन येतलंय म्हणून सांगलं होतंस."

बाळाने स्पीकर बंद केला. मास्तर किल्ल्याकडे बघत राहिले.

"पुढचा सत्र कधी आसा?" बाळाने भाईला हळूच विचारलं.