माटवीसाठी चार कड्या

श्टुटगार्टला रविवारी भिंतीत ड्रिल चालवता येत नाही. रविवार शांततेचा, असा इथला कायदाच आहे. एक खिळा ठोकला तरी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर येतात. त्यामुळे गेल्या रविवारी कुडाळजवळच्या आमच्या गावातून दादाचा व्हिडिओ कॉल आला आणि मागे ड्रिलचा घुर्रर्र आवाज ऐकू आला, तेव्हा माझा हात आपोआप फोनचा आवाज कमी करायला गेला. दादा कॅमेरा छताकडे धरून म्हणाला, ‘‘बघ, हयसून पीओपी. मदी गोल. गोलात निळे लाइट.’’

जुनं घर गेल्या वर्षी पाडलं. चिऱ्याच्या भिंती, फणसाची दारं, वर मंगळुरी कौलं. पाडू नये असं मला फार वाटत होतं. तसं वाटणं मला परवडणारंही होतं, कारण मी सात हजार किलोमीटरवर होतो. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही, केलडी, म्हणजे माकडं, कौलांवर नाचून जातात आणि आषाढात वळईत बादल्या मांडाव्या लागतात, हे सोसत होते दादा आणि वहिनी. आता स्लॅबचं घर उभं राहिलंय आणि वाद खोल्यांच्या सजावटीवर आलाय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही अकराजण आहोत. त्यातले त्या घरात बारा महिने राहणारे तीन.

बाकीच्या आठांची मतं मात्र भरपूर. डोंबिवलीचा चुलतभाऊ हॉटेलच्या लॉबीचे फोटो टाकतो. हॉलच्या भिंतीला बर्फाळ डोंगर आणि तळं असलेला वॉलपेपर लावावा, ही त्याचीच सूचना. मी लिहिलं, बाबा रे, मी त्याच बर्फातून येतो, दहा दिवस तरी मला पाऊस बघू दे. त्यावर त्याचं उत्तर असं, की जर्मनीला असलेल्या माणसाचं घर म्हटल्यावर लोक काहीतरी अपेक्षा ठेवून येतात. इकडे माझ्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आहेत, दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते आहेत (पूर्ण संच एकशेवीस पानांचा, माझ्याकडे फ्रेममध्ये दहाच आहेत, एकेका अवताराचं एकेक) आणि जुन्या घराचं एक कौलसुद्धा आहे. पाहुणे लाकडी आंबा हातात घेऊन हुंगतात. म्हणजे कोकण श्टुटगार्टच्या फडताळात आणि आल्प्स कुडाळच्या भिंतीवर. दोघांनाही दुसऱ्याच्या अंगणातलंच हवं. यात चुलतभाऊ माझ्यापेक्षा जास्त चुकतो, असं मला म्हणता येणार नाही.

त्या कौलाचं थोडं सांगतो. अडीच किलोचं ओझं मी सामानात कपड्यांत गुंडाळून आणलं. इथल्या एका सहकाऱ्याने ते उलटून पाहिलं आणि हे कुठलं, असं विचारलं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने काढला आणि त्या मिशनचे पुष्कळसे मिशनरी याच वुर्टेम्बर्गातून, श्टुटगार्टच्या आसपासच्या गावांतून गेलेले होते. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे असत, नाहीतर गवत. आपण जे ‘अस्सल कोकणी छप्पर’ म्हणून हळहळतो, ते माझ्या पणजोबांच्या काळातलं नवं फॅशनेबल परदेशी सामान. तेव्हाही कोणीतरी म्हातारा ओटीवर बसून म्हणाला असेल, नळ्यांखाली जसो गारवो, तसो हेका नाय. हे कळल्यापासून ‘परंपरा’ हा शब्द मी ग्रुपवर जपून वापरतो.

तरी मी पहिली चूक केलीच. निदान माजघर तरी शेणाने सारवलेलं ठेवूया, असं लिहिलं. पायांना किती थंड, शिवाय वास. सहा अंगठे वर आले, सगळे मुंबईचे. वहिनी ग्रुपवर कधी लिहीत नाहीत. त्यांनी फोन केला. ‘‘भावजी, तुमी येतलात धा दिवस गणपतीक. सारवूचा कोणी? मियाच मां?’’

मला बोलायला काही उरलं नाही. गुरं विकून आठ वर्षं झाली, म्हणजे शेणसुद्धा दुसऱ्याच्या गोठ्यातून आणावं लागणार. वहिनींचे गुडघे दुखतात. माझ्या आठवणीतला तो थंडावा आईने आणि काकीने वाकून, हाताने तयार केलेला होता, आणि त्या हिशेबात मी त्यांना कधी धरलंच नव्हतं. माजघरात लादी बसली. मॅट फिनिशची, कारण चकचकीत लादीवर पावसाळ्यात ओल सुटते आणि माणूस घसरतो. ही निवडही वहिनींचीच.

परदेशाने मला सजावटीबद्दल काही शिकवलं असेल, तर ते दुकानांनी नाही, केराने. श्टुटगार्टमध्ये ‘केरवोखं’ नावाची पद्धत आहे. नावातच केर असल्यामुळे मला तो शब्द पहिल्याच दिवशी पाठ झाला. जर्मनमध्येही त्याचा अर्थ झाडण्याचा आठवडा असाच आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना आणि दारापुढचा भाग झाडून पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. आठवडा संपला की ती शेजारच्या दाराला लावायची. इतर ठिकाणचे जर्मन लोकही याची थट्टा करतात. पण ती पाटी वर्षानुवर्षं दाराला लागली, की माणूस जिन्यात कुंडी ठेवायच्या आधी विचार करतो, की हिच्याभोवतीचा केर काढायचा कसा. आमच्या इमारतीच्या जिन्यात एकही शोभेची वस्तू नाही.

आपल्याकडच्या वादात हा प्रश्नच येत नाही. कोरीव लाकडी जाळीचं पार्टिशन सुंदर दिसतं. त्यातली धूळ कुंचल्याने काढावी लागते. पीओपीच्या खाचेत पाली घरं करतात. छत पंधरा फुटांवर न्यावं म्हणणाऱ्याला जळमटं काढायची काठी केवढी लागेल, ते ठाऊक नसतं. सजावट निवडायला पैसे पाठवणारा बसतो (हो, मीच), आणि ती पुसायला दुसरंच कोणीतरी उभं राहतं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. इथे घरभाड्याच्या करारनाम्यातच रोज खिडक्या सताड उघडून हवा खेळवा, असं लिहिलेलं असतं. हिवाळ्यात शून्याखाली तापमान असताना पाच-दहा मिनिटं खिडकी उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक भरपाई मागतो. घरोघरी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र असतं. तेही कुठे? जिथे हीटरने हवा इतकी सुकते की ओठ फुटतात. आणि आम्ही, चार महिने कोसळणाऱ्या पावसात, बंद शटरची भुश्याच्या फळीची कपाटं, भिंतीला चिकटवलेला कागद आणि जिप्समचं छत लावतो. ती फळी इथल्या दुकानात वीस वर्षं टिकते म्हणतात ते खरंच आहे, पण ते इथल्या हवेत. श्रावणात कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा बुरा दिसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात आपल्याकडची कित्येक नवी घरं शिमगा आणि गणपती सोडले तर कुलपातच असतात. त्यांची सजावट बघायला फक्त वाळवी असते. आमच्या सुताराला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, ‘‘दारा जुनीच घाला, फणसाची. बाकी तुमची हौस.’’ तीन दारं जुनीच बसवली. सुरुवातीला पिवळंधमक असणारं फणसाचं लाकूड आता काळपट तांबूस झालंय, नव्या पांढऱ्या भिंतीत ती दारं जरा परकी वाटतात. मला आवडतात. दादाला नाही.

मी अडून बसलो ते एकाच खोलीसाठी. लोट्यातल्या, म्हणजे नकाशातल्या ‘हॉल’च्या, पूर्वेकडच्या भिंतीवर टीव्ही युनिट येणार होतं आणि वर ते निळ्या दिव्यांचं छत. तीच आमची गणपतीची भिंत. सिंधुदुर्गात ही भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. कुठे मोर, कुठे महिरप, कुठे कैलास. घरातल्या ज्या पोराचा हात बरा, त्याला त्या आठवड्यात शाळा माफ. मी सातवीत काढलेला उंदीर पुढच्या चतुर्थीपर्यंत तिथे होता आणि सगळे त्याला मांजर म्हणत. गणपतीच्या डोक्यावर माटवी: लाकडी चौकटीला बांधलेले आंब्याचे टहाळे, कवंडळाची रानफळं, तवसं, नारळ, सुपारीची शिंपटी, हरण नावाची रानवनस्पती. सगळं ओलं, चांगलं वजन असतं. जुन्या घरात ती वाशांना बांधायचो. पीओपीला टांगली तर छत गणपतीवर येईल.

चुलतभाऊ म्हणाला, तयार मखर आणू, वर्षातून पाच दिवसांसाठी अख्खी भिंत मोकळी कशाला ठेवायची? प्रश्न रास्त आहे. मग मी पिंगुळीचं उदाहरण दिलं. आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर ठाकर समाजाची चित्रकथी आहे, चित्रं एकेक करून पुढे धरत कथा गायची कला. त्यासाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हॉलमध्ये तिथली चित्रं लावू, भिंत भरेल, असं मी म्हटलं. म्हणजे पुन्हा परदेशातून पाठवलेलं एक मत. ग्रुपवर दोन दिवस शांतता.

तोडगा वहिनींनी काढला. टीव्ही बेडरूममध्ये गेला, कारण रात्री मालिका बघायला तो वहिनी एकट्याच लावतात. भिंत पांढरी, कोरी. पुतण्या नववीत आहे, त्याने आत्ताच जाहीर केलंय की यंदा दशावतार काढणार. पिंगुळीचं एक चित्र आतल्या भिंतीवर लागेल, पावसाची ओल न येणाऱ्या. पीओपी झालं, पण बाकीच्या खोल्यांत. निळे दिवे दादाच्या खोलीत लागलेत, त्याला ते खरोखरच आवडतात. लोट्यात उघडा स्लॅब, त्यात चार लोखंडी कड्या. रविवारचा तो ड्रिल त्यांच्यासाठीच चालला होता.

कड्या दाखवून झाल्यावर फोन वहिनींकडे गेला. केरवोख्याची गोष्ट मी त्यांना मागेच सांगितली होती. गणपतीत यंदा घरात बावीस माणसं आहेत, म्हणाल्या. मग जरा थांबून: ‘‘जाताना कौल न्हेलात मां, आता येताना ती पाटी घेवन येवा. पयली तुमच्याच खोलीक लावतलंय.’’