‘शुगर आहे? मग बाळाला पाजू नका’: या मेसेजमधलं खरं किती?

मधुमेह असलेल्या बाळंतिणींसाठीचा एक मेसेज मला आतापर्यंत तिघींनी पाठवला. म्हणणं थोडक्यात असं: आईच्या रक्तातली साखर दुधात उतरते आणि बाळालाही मधुमेह होतो; इन्सुलिन आणि गोळ्या दुधातून बाळाच्या पोटात जातात; अशा बायकांना तसंही दूध येत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून डब्याचं दूध द्या. शेवटच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, आणि नुकसानही तोच सगळ्यात जास्त करतो. त्याच्याकडे सावकाश येते.

आधी साखर. दुधाचा गोडवा असतो लॅक्टोजचा. ते स्तनातल्या पेशी तिथल्या तिथे तयार करतात आणि १०० मिलिलिटर दुधात साधारण ७ ग्रॅम असतं, म्हणजे ७००० मिलिग्रॅम. मोकळं ग्लुकोज, म्हणजे रक्तात असते ती साखर, त्याच दुधात ३० मिलिग्रॅमच्या आसपास. आईची शुगर चढली आणि ते अगदी दुप्पट झालं असं धरा. दर्या में खसखस! डबा दिला की बाळाचा मधुमेह टळतो, यालाही आधार नाही. घरात कुणाला तरी टाइप १ (शरीर इन्सुलिनच बनवत नाही असा मधुमेह) असलेल्या २१५९ बाळांवर १५ देशांत मोठा प्रयोग झाला. प्रथिनं आधीच तोडलेलं खास डब्याचं दूध देऊनही टाइप १ काही कमी झाला नाही, असा त्याचा निकाल २०१८ मध्ये आला.

इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की पचतं. ते तोंडावाटे लागू पडलं असतं तर १९२२ पासून माणसं सुया कशाला टोचून घेत बसली असती? शिवाय मधुमेह नसलेल्या आईच्या दुधातही इन्सुलिन असतंच. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचा बाळाला पोचणारा वाटा, वजनाच्या हिशेबात, आईच्या डोसच्या एक टक्क्याहूनही कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांबद्दल मात्र पुरेशी माहिती नाही, म्हणून डॉक्टर पाजण्याच्या काळात त्या टाळतात. गोळी बदलता येते, त्यासाठी दूध तोडायची गरज नसते.

आता ‘दूध येत नाही’. येतं, पण उशिरा. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन-तीन दिवसांत पान्हा फुटतो. टाइप १ असलेल्या आयांमध्ये याला साधारण एक दिवस जास्त लागतो, आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्यांतही उशीर जास्त दिसतो. दूध तयार करणाऱ्या पेशींना इन्सुलिनचा इशारा लागतो, हे एक कारण. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दुधातल्या चरबीच्या थेंबांतून आरएनए (पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा रेणू) काढून हाच इन्सुलिनचा इशारा तपासला होता. त्यात सिझेरियन, बाळ वेगळ्या खोलीत, पहिला घोट लांबणीवर, हे सगळं भरीला पडतं.

तिसऱ्या दिवशी पंप लावला तर बाटलीच्या तळाला पिवळट, चिकट असे चार-पाच थेंब. घरातली कुणीतरी म्हणते, ‘बघ, दूधच नाही.’ वरची बाटली दिली जाते, बाळ पोटभर पिऊन झोपतं, स्तन भरलेले राहतात, आणि रिकामे न होणारे स्तन दूध कमी करतात. आठवड्याभरात मेसेज खरा ठरतो!

ते चार थेंब म्हणजे चीक, आणि या बाळांना त्याचीच तातडी असते. पोटात असताना आईची जास्त साखर मिळाल्याने बाळ स्वतःचं इन्सुलिन भरपूर बनवत असतं. नाळ कापली की साखर बंद, इन्सुलिन मात्र चालूच, त्यामुळे बाळाची साखर उतरू शकते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात पाजायचं आणि मग दर दोन-तीन तासांनी. तरीही साखर उतरली तर गालाच्या आत ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल चोळतात. न्यूझीलंडमधल्या २०१३ च्या चाचणीत ती उपयोगी ठरली. तेवढ्याने भागलं नाही तर डब्याचं दूध किंवा सलाईन लागतं, आणि तेव्हा ते द्यायलाच हवं. माझं भांडण डब्याशी नाही, ‘पहिल्या दिवसापासून’ या शब्दांशी आहे.

उशिरावर तोडगाही तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मधुमेह असलेल्या, पण इतर गुंतागुंत नसलेल्या ६३५ गरोदर बायकांपैकी निम्म्यांना ३६ आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा हाताने चीक काढून साठवायला सांगितलं, म्हणजे पान्हा फुटेपर्यंत बाळाला तोच देता येतो. २०१७ मध्ये निकाल छापून आला: बाळ अतिदक्षता विभागात न्यावं लागण्याचं प्रमाण १५ टक्के, चीक न काढणाऱ्यांत १४. म्हणजे धोका वाढलेला दिसला नाही. अर्थात गुंतागुंत असेल तर हे मनाने करू नये.

मेसेजमध्ये आईच्या तब्येतीबद्दल अक्षर नाही. गरोदरपणात मधुमेह झालेल्या हजारेक बायकांचा कॅलिफोर्नियातला अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्यांनी दहा महिन्यांहून जास्त पाजलं, त्यांच्यात दोन वर्षांत टाइप २ (मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह) होण्याचं प्रमाण, जेमतेम दोन महिने पाजलेल्या किंवा त्याहून कमी पाजलेल्या बायकांच्या निम्म्याहून कमी होतं. आणि इन्सुलिन घेणारीला खरा धोका असतो तो साखर वाढण्याचा नाही, उतरण्याचा: बाळंतपणानंतर इन्सुलिनची गरज एकदम घटते, त्यात दिवसाला ७५० मिलिलिटर दूध म्हणजे पन्नासेक ग्रॅम लॅक्टोज, तेही आईच्याच रक्तातल्या साखरेतून. रात्री दोनला पाजायला बसताना ग्लुकोमीटर आणि काहीतरी गोड हाताशी ठेवायला सांगतात, ते यासाठी.