फी किती आणि तक्रार कुठे, हे अशिलाला पहिल्याच दिवशी सांगा

परवा सांगलीहून माझ्या जुन्या ज्युनिअरचा फोन आला होता, आता त्याची स्वतःची चांगली प्रॅक्टिस आहे, आणि बोलता बोलता विषय परत त्याच निकालावर गेला. 14 मे 2024 चा. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, म्हणजे वकिलाने काम नीट केलं नाही म्हणून अशिलाला ग्राहक मंचात जाता येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2007 साली याच्या उलट सांगितलं होतं, ते रद्द झालं. तो म्हणाला, "ताई, बरंच झालं की, नाहीतर हरलेला प्रत्येक माणूस आमच्यावर केस टाकत बसला असता." मी म्हटलं, निकाल चुकला असं मी म्हणतच नाहीये, वकिलाची कोर्टाशीही बांधिलकी असते, तो दुकानदार नाही, हे मलाही पटतं, पण मग फसलेल्या अशिलाने जायचं कुठे? तर म्हणाला बार कौन्सिल आहे ना, वकिलांवर देखरेख करणारी त्यांचीच संस्था. आणि वर, तुमचे इंग्लंडचे नियम इथे चालायचे नाहीत.

ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितेय. मी 4 वर्षं सांगलीला वकिली केली, मग लग्नानंतर इकडे इंग्लंडला आले, परीक्षा दिल्या, सॉलिसिटर झाले, म्हणजे अशिलाचं काम थेट घेणारी इथली वकील, आता रेडिंगमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते.

इथे घराचा व्यवहार कसा पूर्ण होतो ते आधी सांगते, कारण मला सगळ्यात जास्त नवल त्याचंच वाटलं होतं. विकणाऱ्याच्या घरावर बँकेचं कर्ज असतं, बहुतेक वेळा असतंच. ठरलेल्या दिवशी घेणाऱ्याचा सॉलिसिटर सगळी रक्कम विकणाऱ्याच्या सॉलिसिटरला पाठवून देतो, त्या क्षणी ते कर्ज फिटलेलं नसतं, बोजा तसाच असतो, तरीही पैसे जातात आणि किल्ल्या मिळतात. का, तर समोरच्या सॉलिसिटरने लिहून दिलेलं असतं की या पैशातून मी कर्ज फेडीन. याला अंडरटेकिंग म्हणतात. हा शब्द मोडला तर ते सरळ व्यावसायिक गैरवर्तन, मग अशिलाने पैसे दिले नाहीत, फोन उचलला नाही, ही कारणं चालत नाहीत, शब्द दिला तो तुम्ही दिला. ज्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, त्याच्या एका ओळीवर मी माझ्या अशिलाचे चार लाख पौंड पाठवते. पहिल्यांदा पाठवले तेव्हा रात्रभर झोप नव्हती मला.

याच्या मागे फार कडक शिस्त आहे. 1993 च्या बोल्टन खटल्यात एका सॉलिसिटरने अशिलाचे पैसे व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीच वापरू दिले होते. अप्रामाणिकपणा सिद्ध झाला नाही, तरी सॉलिसिटरांच्या शिस्तभंगाच्या केस ऐकणाऱ्या ट्रिब्युनलने 2 वर्षं प्रॅक्टिस बंद केली आणि अपील कोर्टाने तीच शिक्षा परत कायम केली. त्या कोर्टाचे न्यायाधीश सर थॉमस बिंगहॅम तेव्हा म्हणाले की सॉलिसिटरवर पृथ्वीच्या टोकापर्यंत विश्वास टाकता आला पाहिजे. ते वाक्य आजही शिस्तभंगाच्या केसमध्ये निघतंच निघतं. अशिलाचा पैसा वेगळ्या क्लायंट अकाउंटमध्ये ठेवायचा, त्यातून ऑफिसचं भाडं सोडा, चहाचे पैसेसुद्धा काढायचे नाहीत.

पण मला घरी न्यावीशी वाटते ती गोष्ट याहून साधी आहे, एक पत्र. अशील पहिल्यांदा आला की काम घेतानाच त्याला लेखी कळवायचं, काम काय करणार, कोण करणार, अंदाजे खर्च किती, आणि मी चुकले तर तक्रार कुठे करायची. आधी आमच्याच फर्मकडे, 8 आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे. तिथे अशिलाला एक पैसा लागत नाही, आणि ते आम्हाला फी परत करायला किंवा 50,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यायला सांगू शकतात. म्हणजे माझ्याविरुद्ध कुठे जायचं ते मीच माझ्या सहीने सांगते. सुरुवातीला मला हे जड गेलं, आता वाटतं की या एका पत्राने अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत.

आता आपल्याकडचं. माझ्या आत्याचा वाटपाचा दावा होता. वकिलांशी जमेना म्हणून तिला दुसरे वकील करायचे होते, तर पहिल्यांनी फाइलही दिली नाही आणि दुसरा वकील करायला हरकत नाही अशी एनओसीही नाही, आधी म्हणे सगळी फी द्या. फी किती ठरली होती ते कुठे लिहिलेलंच नव्हतं, पावत्या नव्हत्या, दर तारखेला कधी पाचशे, कधी हजार असे हातात दिलेले. 8 महिने गेले त्यात. आणि मला हे सांगायलाच हवं की मला तेव्हा कायदा माहीत होता. सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवता येत नाही, अडवली तर ते गैरवर्तन. तरी मी आत्याला म्हटलं, जाऊ दे, देऊन टाक पैसे. कारण ते वकील आमच्याच बार रूममध्ये बसायचे, रोज तोंड दाखवायचं होतं. आत्याने पाटल्या मोडल्या. आज ती नाही, आणि ही गोष्ट मला अजून खाते.

गंमत बघा, याच बाबतीत आपला नियम इंग्लंडपेक्षा चांगला आहे! इथे बिल थकलं तर सॉलिसिटरला फाइल ठेवून घेता येते, जुना हक्कच आहे तो, काही मर्यादा आहेत पण आहे. म्हणजे कागदावर आपण मागे नाही. अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवायचा हेही बार कौन्सिलच्या नियमांत आहे. कमी आहे ती अशिलाला हे सांगणाऱ्याची, आणि तक्रार ऐकायला वकिलांबाहेरच्या माणसाची. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीवर तिघं असतात, तिन्ही वकील, त्यातले दोघं वकिलांच्याच मतांवर निवडून आलेले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो उद्याचा मतदार. इथल्या ट्रिब्युनलमध्येही तिघं, दोन सॉलिसिटर, पण तिसरा माणूस कायद्याच्या धंद्याबाहेरचा. त्या एका माणसाने फरक पडतो, कारण त्याच्यासमोर "आपल्यात असं चालतं" म्हणता येत नाही.

आणि इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्सिऑम इन्स नावाची मोठी फर्म बंद पाडावी लागली, अशिलांचे 6 कोटी पौंडांहून जास्त पैसे खात्यात नव्हतेच. लोकांची घराची डिपॉझिटं होती त्यात. सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या नियामकाला वेळेत दिसलं नाही म्हणून त्याच्यावरही ठपका आला. पण नुकसान भरून द्यायला एक फंड आहे, त्याची आम्हा प्रत्येक सॉलिसिटरची वर्गणी 30 पौंडांवरून 90 झाली. कुरकुर झाली, माझ्या ऑफिसातही झाली, दुसऱ्याच्या चोरीचे पैसे आम्ही का भरायचे म्हणून. मला मात्र वर्गणी वाढली ते बरोबर वाटलं, पैसे खाणाऱ्याच्या नावापुढची पदवी आणि माझ्या नावापुढची एकच आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये तिकडे भारतात वकील कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा आला होता. कोर्टावरच्या बहिष्काराला बंदी, सरकारची माणसं बार कौन्सिलवर, असं बरंच होतं त्यात. वकील रस्त्यावर आले आणि सरकारने काही दिवसांत तो मागे घेतला. सरकारी माणूस नको हे मलाही मान्य, पण त्या सगळ्या गदारोळात अशिलाचं काय, हे बोलताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही.

पत्र द्यायला मात्र कायदा बदलायची गरज नाही. म्हणून मी ज्युनिअरला एक पानाचा मसुदा करून पाठवला, मराठीत, वकीलपत्राबरोबर द्यायचा. एकूण फी किती, दर तारखेला किती, पैसे घेतले की पावती, तारखेला कोण उभं राहणार, वकील बदलायचा झाला तर फाइल 7 दिवसांत परत, आणि खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा पत्ता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला बाकी सगळं ठेवतो ताई, ती फाइलची ओळ तेवढी काढू का? मी म्हटलं, बाकीचं काढलंस तरी चालेल, ती ओळ ठेव.