कोल्ह्याचं नव्हे, भाताचं देऊळ

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरून येतो: ‘जपानमधलं कोल्ह्याचं मंदिर! हजार वर्षांपूर्वीच्या दहा हजार लाल कमानी! देवी मूळची आपलीच, डाकिनी!’ फोटो क्योतोच्या फुशिमी इनारी या देवळाचा असतो. फोटो खरा, मजकूर बराचसा चुकीचा.

कोल्हा तिथला देव नाही, देवाचा निरोप्या आहे. महादेवापुढे नंदी बसतो म्हणून ते बैलाचं देऊळ होतं का? इनारी ही भाताची, पिकापाण्याची देवता. त्या दगडी कोल्ह्यांच्या तोंडाकडे जरा नीट बघा: एकाच्या दातांत भाताची लोंबी, दुसऱ्याच्या दातांत किल्ली. ती धान्याच्या कोठाराची.

कमानी दहा हजारांच्या आसपास आहेत, हे बरोबर. हजार वर्षांच्या मात्र नाहीत. नवस फेडायला कमान वाहण्याची प्रथा एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि लाकूडच ते, पावसापाण्यात कुजतं. मग जुनी काढून नवी उभी राहते. देवळामागचा डोंगर चढताना खांब कोरे दिसतात. उतरताना मागे काळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव आणि तारीख वाचता येते, त्यात कंपन्याच कंपन्या. (फोटो सगळे चढतानाच काढतात, त्याला कोण काय करणार!)

डाकिनीच्या गोष्टीत तथ्याचा कण आहे. तांत्रिक बौद्ध पंथाबरोबर ती जपानला पोचली, पांढऱ्या कोल्ह्यावर बसली आणि इनारीत मिसळली. तोयोकावा इनारी हे इनारीचं दुसरं प्रसिद्ध स्थान तर चक्क झेन, म्हणजे बौद्ध मंदिर आहे. पण ‘मूळची’ म्हणाल तर नाही. फुशिमीची मुख्य देवता उकानोमितामा, म्हणजे जपानचीच धान्यदेवता. स्थापना परंपरेने ७११ सालची धरतात. कथा अशी, की हाता नो इरोगु नावाच्या धनवानाने मोचीवर, म्हणजे चिकट भाताच्या गोळ्यावर, बाण मारला. गोळ्याचा पांढरा पक्षी झाला, उडून डोंगरमाथ्यावर बसला आणि तिथे भात उगवला.

जायचंच झालं तर तिकीट नाही, आणि डोंगर रात्रीही उघडा असतो.

फॉरवर्डमध्ये कधीच नसतं ते देवळाच्या आवारातलं भाताचं खाचर. १० जूनला तिथे लावणी होते. बायका नाचतात, बाकीचे चिखलात उतरून रोपं लावतात. कापणी २५ ऑक्टोबरला. तांदूळ देवाला जातो, आणि ८ नोव्हेंबरला उरलेला पेंढा पेटवतात.