‘स्कॉट-फ्री’मधला स्कॉट स्कॉटलंडचा नाही

परवा भाचीची इंग्रजीची वही चाळत होतो. ‘स्कॉट-फ्री’, पुढे अर्थ ‘निर्दोष सुटलेला’, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात: ‘स्कॉटिश लोक कंजूष, पैसे बुडवायचे, त्यावरून.’ म्हणाली, “मामा, क्लासमध्ये सांगितलंय.”

मला खरंच वाईट वाटलं. एका शब्दाच्या खोट्या जन्मकथेपायी अख्ख्या देशाला फुकटं ठरवायचं?

हा ‘स्कॉट’ म्हणजे पट्टी, वर्गणी, कर. स्कॉटलंडशी त्याचं काही नातं नाही. ‘शूट’ ज्या मुळातून आला, त्याच मुळाचा हा शब्द. मूळ अर्थ फेकणं, टाकणं. गणपतीच्या वर्गणीला आपण “टाक पन्नास रुपये” म्हणतो, अगदी तसंच. 11व्या शतकात, इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर याच्या नावाच्या एका सनदेत ‘स्कॉटफ्रे आणि गाफोलफ्रे’ अशी जोडी येते. दोन्ही शब्द करमाफीचेच. आपल्या इनामाच्या सनदा वाचलेल्यांना ही भाषा लगेच ओळखीची वाटेल.

पुढे हाच शब्द ‘शॉट’ या जुळ्या रूपात खानावळीच्या बिलालाही लागला. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ हा विनोदी सरदार रणांगणावर म्हणतो, की लंडनमध्ये मी ‘शॉट-फ्री’ निसटायचो, इथल्या ‘शॉट’ची मात्र भीती वाटते. तिथे बिल, इथे गोळी! आणि पुढच्याच प्रवेशात डग्लस या स्कॉटिश सरदाराच्या तावडीतून वाचल्यावर म्हणतो, त्या ‘स्कॉट’ने माझा ‘स्कॉट अँड लॉट’ चुकता केला असता, म्हणजे माझा पुरता हिशेब केला असता. म्हणजे हे दोन शब्द वेगळे आहेत, हे नाटक बघणाऱ्यांना ठाऊक होतं. तेव्हाच तर कोटी जमली.

‘स्कॉट अँड लॉट’ म्हणजे गावचे कर. मतदानाचे नियम बदलणाऱ्या इंग्लंडच्या 1832च्या सुधारणा कायद्याआधी वेस्टमिन्स्टरसारख्या काही मतदारसंघांत हे कर भरणाऱ्या कुटुंबप्रमुखाला मत असायचं. पट्टी भरणं हा तिथे मानाचा भाग होता.

कराची सूट शिक्षेच्या सुटीपर्यंत कशी पोचली, हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. आपल्याकडे शेतसारा माफ होतो आणि लाडक्याला सात खूनही माफ असतात.

भाचीने समासातली ओळ खोडली. ‘निर्दोष’ मात्र मी खोडायला लावलं. स्कॉट-फ्री सुटतो तो बहुतेक वेळा दोषीच असतो, त्याला फक्त काही भरावं लागत नाही.